भूमीच्या पोटांतील धन कोणाचें?

कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत, भोगावती नदीवर राधानगरीचें धरण उभें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या कन्येच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या, नांवानें १९०८ सालीं हें गांव वसविलें आणि फेजिवड्याजवळ नदीला बांध घालण्याचें काम हातीं घेतलें. एका लहानशा संस्थानाच्या तिजोरीला तो भार सोसण्यासारखा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पैशाच्या टंचाईनें काम थांबलें, राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत तें पुन्हां सुरू झालें आणि स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. आज पावसाळ्यांत या धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले याची वार्ता कोल्हापुरांत घरोघर पोंचते. कारण पंचगंगेच्या कांठचा ऊस, शहराचें पिण्याचें पाणी आणि पुराचें भय, हीं तिन्ही त्या एका बांधाशीं बांधलेलीं आहेत.

या धरणाच्या आसमंतांतील डोंगरांचे माथे सपाट आहेत. त्यांना इकडील लोक सडा म्हणतात. वर काळसर-तांबडा जांभा, मध्यें खुरटें गवत, आणि पावसाळ्यांत रानफुलांचा गालिचा, असें त्यांचें रूप. परंतु या जांभ्याच्या थरांतच बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमची माती, सांपडते. राधानगरी तालुक्यांतील दुर्गमानवाडच्या माथ्यावरून ती खणून बेळगांवच्या कारखान्याकडे गेली. शाहूवाडी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांतील माथ्यांवरहि तिचे सांठे आहेत. कोल्हापुरांत दगडी कोळसा नाहीं. दख्खनच्या काळ्या पाषाणाखालीं येथें त्याचा पत्ता लागत नाहीं. परंतु कोळशाच्या मुलुखांत जो वाद दीडशें वर्षें न्यायासनापुढें गाजत आला, तोच वाद या तांबड्या मातीनें कोल्हापूरच्या उंबऱ्याशीं आणून ठेवला. वर सार्वजनिक भूमि, खालीं मौल्यवान खनिज आणि पायथ्याशीं लोकांचें पाणी, असें जेथें जमतें तेथें तीन प्रश्न उभे राहतात: तें खनिज कोणाचें? तें काढावें कीं नाहीं हें कोणीं ठरवावें? आणि त्यांत पाण्याची हानि झाली तर ती कोणीं सोसावी?

हे प्रश्न केवळ कागदी नाहींत, हें जांभ्याचा स्वभाव पाहिला म्हणजे कळतें. हजारों शतकांच्या ऊनपावसांत काळा पाषाण कुजत गेला. त्यांतील वाळूचा अंश पाण्याबरोबर वाहून गेला. लोह आणि ॲल्युमिनियम मागें राहिलें. असा जांभा सच्छिद्र असतो. चार महिने कोसळणारा पाऊस तो पिऊन ठेवतो आणि पुढें कड्याच्या पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें थोडथोडा सोडतो. कोकणांत व घाटमाथ्यावर उन्हाळ्यांत जे झरे वाहतात, त्यांची पुंजी अशा माथ्यांवरच सांठविलेली असते. माथा खरवडला म्हणजे खनिज मिळतें, पण सांठवणीचें भांडें फुटतें; आणि उघडी पडलेली माती ओढ्यांतून जलाशयांत उतरते. खाण आणि धरण यांचें वैर हें असें आहे. खाणीचें उत्पन्न पांचपंचवीस वर्षांचें. धरण पिढ्यानुपिढ्यांसाठीं बांधलेलें.

पहिला प्रश्न मालकीचा. आपल्याकडे त्याचें उत्तर फार जुनें आहे. कौटिल्यानें खाणींना राजाच्या कोशाचा उगम मानलें, त्यांच्यासाठीं आकराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी नेमण्यास सांगितलें, आणि ज्या खाणी चालविणें खर्चाचें असेल त्या भागानें अगर खंडानें द्याव्या असा नियम घातला. मराठी अमदानींत हा विचार सनदांच्या भाषेंत उतरला. इनाम देतांना राजा नुसती जमीन देत नसे; जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित देत असे. सनदेंत हे शब्द इतक्या निगुतीनें लिहिले जात, याचा अर्थ ते आपोआप मिळत नसत. पाण्याचा हक्क निराळा, झाडाचा निराळा, दगडाचा निराळा, पुरलेल्या ठेव्याचा निराळा. जो शब्द सनदेंत नाहीं, तो हक्क राजाकडेच राहिला. इनामदारांचे वंशज पुढें कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागले तेव्हां ‘पाषाण’ या एका शब्दावर खटल्याचें भवितव्य लोंबकळूं लागलें, तें याचमुळें.

इंग्रजांची परंपरा याच्या उलट. त्यांच्या देशांत जमिनीचा धनी वर आकाशापर्यंत आणि खालीं पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत धनी समजला जाई. राजाचा हक्क फक्त सोन्याचांदीच्या खाणींवर. तो तेथील न्यायाधीशांनीं १५६८ सालीं एलिझाबेथ राणीच्या वेळीं एका तांब्याच्या खाणीच्या खटल्यांत निश्चित केला. कोळसा मात्र जमीनमालकाचा राहिला, आणि तो राष्ट्राच्या मालकीचा करण्यासाठीं ब्रिटिश पार्लमेंटला १९३८ चा कायदा करावा लागला. अशा देशाचे अधिकारी हिंदुस्थानांत आले, पण येथें मात्र त्यांनीं आपल्या घरचा नियम न लावतां आपल्या सोयीचा लावला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६९ व्या कलमानें, इनाम न दिलेल्या सर्व जमिनींतील खाणी व खनिजें यांवरील सरकारचा हक्क स्पष्ट राखून ठेवला. रयतवारी शेतकऱ्यास नांगराचा फाळ जाईल तेवढी माती मिळाली. त्याखालचें सर्व सरकारचें झालें.

कोल्हापूर हें त्या वेळीं संस्थान होतें. तेथें हा हक्क दरबारचा. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें, पुढें इनामेंहि खालसा झालीं, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानें, पृष्ठावर असो वा भूगर्भांत असो, सर्व खनिजांवर राज्य सरकारचा हक्क आहे असें सांगून टाकलें. म्हणून महाराष्ट्रांत या प्रश्नाला फारसा वाव उरला नाहीं. पण तेवढ्यावरून साऱ्या देशांत तो मिटला असें मात्र नाहीं. मलबारांतील जन्मी जमीनदारांच्या वारसांनीं चालविलेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें ८ जुलै २०१३ रोजीं असा निर्णय दिला कीं, सर्व भूगर्भसंपत्ति राज्याचीच असें सरसकट सांगणारा कायदा देशांत नाहीं. दुसऱ्या कायद्यानें हक्क काढून घेतला नसेल तर जमिनीचा धनी तोच खालील खनिजाचाहि धनी. मुंबईचा कायदा आणि मलबारची वहिवाट यांमधील हें अंतर पाहिलें म्हणजे, मालकी ही निसर्गानें दिलेली वस्तु नसून इतिहासानें दिलेली आहे, हें ध्यानांत येतें.

या इतिहासाचें सर्वांत नाट्यमय प्रकरण घडलें तें बंगालच्या कोळशाच्या मुलुखांत. राणीगंजच्या बाजूस कोळसा काढण्याचा पहिला परवाना वॉरन हेस्टिंग्जच्या काळीं, १७७४ सालीं, दोघा इंग्रजांना मिळाला. पुढें १७९३ च्या कायमधाऱ्यानें जमीनदार हे जमिनीचे धनी ठरले. त्या वेळीं कोणाच्या मनांत कोळसा नव्हता. शेतसाऱ्याचा विचार होता. परंतु आगगाडी आली, कलकत्त्याच्या गिरण्या धूर ओकूं लागल्या, आणि ज्या माळावर बकरीहि पोटभर चरत नसे त्याखालीं लक्षावधि रुपये पुरलेले आहेत असें लोकांना कळलें. जमीनदारानें ती जमीन पूर्वींच कोणाला कायमच्या पट्ट्यानें, कोणाला देवसेवेसाठीं, कोणाला चाकरीसाठीं दिलेली. आतां त्या पट्टेदारांनीं कोळशाच्या कंपन्यांशीं करार केले, आणि जमीनदार फिर्यादी होऊन उभे राहिले.

हे वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तेथील न्यायाधीशांनीं १९१० सालीं हरिनारायण सिंगदेव यांच्या खटल्यांत ठरविलें कीं, जमीनदारानें खनिजाचा हक्क दिल्याचा स्पष्ट पुरावा नसेल, तर तो दिलेला नाहीं असेंच मानावें. नंतरच्या कांहीं वर्षांत हाच नियम अधिक कडक झाला: पट्टा कायमचा असो, वंशपरंपरा असो, विकतां येण्याजोगा असो, त्यांत खनिजाचा शब्द नसेल तर पट्टेदाराला वरची माती, आणि खालचा कोळसा जमीनदाराला. मराठी सनदांतील ‘निधि-निक्षेप’ लिहिणाऱ्या कारकुनांचा धडा लंडनच्या लॉर्डांनीं नकळत गिरविला. परंतु त्या वादांत जो नांगर धरून होता, ज्याच्या झोंपडीखालून जमीन पोखरली जाणार होती, त्याचा आवाज कोठेंच ऐकूं येत नाहीं. वाद होता तो जमीनदार, पट्टेदार आणि कंपनी यांमध्यें.

सार्वजनिक जमिनीखालील खाणीचा विचार मात्र सरकारला लवकरच करावा लागला, आणि तो करावयास लावला आगगाडीनें. लोहमार्गासाठीं घेतलेल्या जमिनीखालीं कोळसा असेल तर काय करावें? तो विकत घ्यावा तर खर्च अफाट. न घ्यावा तर खालून कोणी खणील आणि वरची गाडी खचेल. यावर १८८५ चा जमीन-संपादन (खाणी) कायदा झाला. सरकारनें जमीन घ्यावी आणि खनिज मालकाकडेच ठेवावें. मालकाला त्याखालीं अगर ठराविक अंतराच्या आंत खणावयाचें असेल तर त्यानें साठ दिवस आधीं नोटीस द्यावी. सरकारला धोका वाटल्यास त्यानें खणणें थांबवावें आणि राहिलेल्या खनिजाची भरपाई द्यावी. या व्यवहारी कायद्यांत एक मोठें तत्त्व दडलेलें आहे. ज्याचा कोळसा, त्याला तो काढण्याचा हक्क आहे. परंतु वरच्या लोकोपयोगी वस्तूला आधार मिळण्याचा हक्क त्याहून वरचढ आहे. त्यासाठीं भूमीखालीं जे कोळशाचे खांब तसेच सोडून द्यावे लागतात, ते एका अर्थीं समाजानें विकत घेतलेले खांब होत.

पाण्याच्या बाबतींत हा नियम आणखी कठोर झाला. १९५७ च्या कोळसा-खाण नियमांनीं नदी, कालवा, तळें किंवा जलाशय यांच्या थेट खालीं, तसेंच त्यांच्या कांठापासून पंधरा मीटरच्या आंत, मुख्य खाण-निरीक्षकाच्या लेखी परवानगीवांचून काम करण्यास मनाई केली. कागदावरील या ओळीमागें किती भय आहे, हें २७ डिसेंबर १९७५ रोजीं देशाला समजलें. धनबादजवळच्या चासनाला खाणींत शेजारच्या जुन्या, पाण्यानें भरलेल्या खाणकामांतील पाणी अकस्मात् घुसलें आणि पावणेचारशेंच्या आसपास माणसें क्षणार्धांत गेलीं. ज्या दामोदराच्या खोऱ्यांत कोळसा आहे, त्याच खोऱ्यांत तिलय्या, कोनार, मैथन आणि पंचेत हीं धरणें आहेत. खालीं पोखरलेली भूमि आणि वर कोंडलेलें पाणी, अशा दुहेरी संसारांत तें खोरें राहत आलें आहे.

स्वातंत्र्यानंतर या कथेला निराळें वळण लागलें. जमीनदारी गेली. पश्चिम बंगालच्या कायद्यानें जमीनदारांचीं भूगर्भांतील खनिजेंहि राज्याच्या मालकीचीं झालीं. इतक्यांत केंद्र सरकारनें १९५७ सालीं कोळसायुक्त क्षेत्र संपादन कायदा केला, आणि १९५९ व १९६० मध्यें अधिसूचना काढून त्याच राज्याच्या मालकीची कोळशाची भूमि घेण्याचा मनोदय प्रकट केला. आतां वाद जमीनदार आणि पट्टेदार यांचा राहिला नाहीं. एका बाजूस कलकत्त्याचें सरकार, दुसऱ्या बाजूस दिल्लीचें! राज्याचें म्हणणें असें कीं, आपण आपल्या क्षेत्रांत सार्वभौम आहों; खाजगी माणसाची जमीन घ्यावी तशी राज्याची जमीन केंद्राला घेतां येणार नाहीं.

२१ डिसेंबर १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राज्याचा दावा फेटाळला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा आणि त्यांच्याबरोबरच्या न्यायमूर्तींचें मत असें कीं, भारतीय संघराज्य हें स्वतंत्र राज्यांनीं केलेल्या करारांतून जन्मलेलें नाहीं. राष्ट्राच्या उद्योगासाठीं जरूर ती भूमि, ती राज्याची असली तरी, संसदेच्या कायद्यानें घेतां येते. या बहुमतांत विदर्भांतील न्यायमूर्ति जनार्दन रघुनाथ मुधोळकर हेहि होते. एकटे न्यायमूर्ति के. सुब्बा राव निराळे पडले. राज्य हें आपल्या क्षेत्रांत सार्वभौम आहे, त्याची मालमत्ता केंद्रानें संमतीनें घ्यावी, सक्तीनें नव्हे, असें त्यांनीं लिहिलें. तें मत हरलें, पण विझलें नाहीं. २५ जुलै २०२४ रोजीं, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायाधीशांच्या पीठानें आठ विरुद्ध एक अशा बहुमतानें ठरविलें कीं, खनिजावरील स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिजयुक्त जमिनीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. भूमि घेण्याच्या वादांत राज्यें हरलीं. तिच्या उत्पन्नाच्या वादांत साठ वर्षांनंतर जिंकलीं.

मालकी ठरली तरी दुसरा प्रश्न उरतोच: काढावें कीं नाहीं, हें कोणीं ठरवावें? जुन्या काळीं धनी ठरवीत असे, मग तो राजा असो वा जमीनदार. अलीकडच्या अर्धशतकांत या उत्तराला मर्यादा पडल्या. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानें वनभूमि खाणीला देण्यापूर्वीं केंद्राची मान्यता आवश्यक केली. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वन या शब्दाला कोशांतील रूढ अर्थ देऊन, मालकी कोणाचीहि असली तरी जें रान तें वनच, असें सांगितलें. ओडिशांतील नियमगिरीचा डोंगर सह्याद्रीच्या सड्यांसारखाच बॉक्साइटचा आहे. त्याच्याविषयीं १८ एप्रिल २०१३ रोजीं न्यायालयानें निर्णय दिल्लीला अगर भुवनेश्वरला न ठेवतां तेथील ग्रामसभांकडे पाठविला, आणि बारा ग्रामसभांनीं एकमुखानें नकार दिला. प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्यांत ज्या माणसाचा आवाज नव्हता, तो शंभर वर्षांनीं न्यायासनापुढें असा बोलला.

महाराष्ट्रांतहि याचा पडताळा आला. चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबाच्या पश्चिम कडेला इरई धरणाचा जलाशय आहे, आणि त्याच रानाच्या दक्षिणेस लोहारा येथें कोळशाचे थर आहेत. ते एका खाजगी वीज कंपनीस नेमून दिले गेले. चंद्रपूरकरांनीं वाघांच्या रानासाठीं उपोषणें व चळवळ केली, आणि २००९–१० च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें त्या खाणीची वाट बंद केली. वाद तेथें थांबला नाहीं. कोळसा न मिळाल्यामुळें वाढलेला विजेचा खर्च कोणीं सोसावा, यावर वीज नियामक आयोगापुढें आणि पुढें वरिष्ठ न्यायाधिकरणापुढें दीर्घ झगडा चालला. रान वांचविण्याची किंमत विजेच्या बिलांतूनहि मागितली जाते, हा त्यांतील कडू बोध.

कोल्हापूरच्या अगदीं शेजारीं, घाट उतरून गेल्यावर, गोव्यांत तर पोर्तुगीजांचा वारसाच न्यायालयांत आला. त्यांच्या १९०६ च्या खाण-फर्मानाखालीं दिलेल्या सवलती कायमच्या होत्या. १९८७ च्या कायद्यानें त्या रद्द करून मुदतीचे पट्टे केले. दक्षिण गोव्याला पाणी पाजणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोटांतहि लोहखनिजाचे ढिगारे उभे राहिले. शेवटीं ऑक्टोबर २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गोव्यांतील खाणी थांबविल्या, आणि २१ एप्रिल २०१४ रोजीं सांगितलें कीं, पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येंच संपली होती. पुढचें उत्खनन वर्षाला दोन कोट टनांच्या आंत असावें आणि उत्पन्नाचा कांहीं भाग पुढील पिढ्यांसाठीं कायम निधींत ठेवावा. भूमीच्या पोटांतील धन हें आजच्या पिढीचें एकटीचें नव्हे, हा विचार भारतीय न्यायासनानें येथें आंकड्यांत उतरविला.

तिसरा प्रश्न, हानि कोणीं सोसावी, हा सर्वांत अवघड. त्याचें एक उदाहरण साता समुद्रांपलीकडे अमेरिकेंतील पेन्सिल्वेनिया प्रांतांत सांपडतें. तेथें जमीन एकाची, कोळसा दुसऱ्याचा अशी वहिवाट फार जुनी. १९२१ च्या एका कायद्यानें घरांखालील आधाराचा कोळसा काढण्यास बंदी केली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२२ सालीं ती घटनाबाह्य ठरविली, कारण भरपाईवांचून मालमत्ता हिरावल्यासारखें तें होतें. तशाच एका कायद्याला त्याच न्यायालयानें १९८७ सालीं मान्यता दिली. मध्यंतरींच्या पासष्ट वर्षांत विचार एवढा पालटला. याच प्रांतांत रायर्सन नांवाच्या सार्वजनिक उद्यानांत एक धरण होतें. आसपास लांब भिंतीच्या पद्धतीनें कोळसा काढला जाई. या पद्धतींत मागें खांब न ठेवल्यामुळें वरची भूमि खचते. २००५ सालीं धरणाला तडे गेले आणि तळें रिकामें करावें लागलें. दोषाबद्दल वर्षानुवर्षें वाद झाला. २०१३ सालीं कंपनीनें जबाबदारी मान्य न करतां तीन कोट साठ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. पण २०१५ सालीं अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, भूमि अजून हलत असल्यामुळें धरण पुन्हां बांधतां येणार नाहीं. पैसा मिळाला, तळें मिळालें नाहीं.

हा धडा राधानगरीच्या आसमंतांत फुकट जाऊं नये. येथील रान १९५८ सालीं गव्यांसाठीं राखून ठेवलें गेलें. १९८५ सालीं त्याचें अभयारण्य मोठें झालें. २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत पश्चिम घाटाचीं जीं स्थळें घेतलीं, त्यांत कोयना, चांदोली आणि कासबरोबर राधानगरीहि आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीनें २०११ सालीं आणि कस्तुरीरंगन यांच्या समितीनें २०१३ सालीं घाटांविषयींचे अहवाल दिले. त्यांत कितीहि मतभेद असले तरी, संवेदनशील पट्ट्यांत नवी खाण नको याबद्दल ते एक होते. १३ नोव्हेंबर २०१३ रोजीं केंद्रानें त्या पट्ट्यांतील नव्या खाणींना मनाई करणारा आदेश काढला. त्या पट्ट्याची अधिसूचना मात्र मसुद्यावर मसुदा होत राहिली; ३१ जुलै २०२४ चा मसुदा हा सहावा. त्यांत सुमारें ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकीं महाराष्ट्रांतील १७,३४० च्या आसपास. शिवाय सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आंत खाण नको, हा नियम कायम ठेवला.

कायद्याचें कुंपण असें उभें राहिलें आहे. पण त्या कुंपणाच्या आंत माणसें राहतात, हेंहि विसरतां कामा नये. घाटमाथ्यावरील धनगरवाड्यांना आणि लहान शेतकऱ्यांना रोजगार हवा असतो. खाण आली कीं मालमोटारींबरोबर मजुरीहि येते. नुसती बंदी घालून शहर स्वतःचें पाणी राखील, आणि डोंगरावरच्या माणसाला त्याच्या मोबदल्यांत कांहीं देणार नाहीं, तर तो न्याय अर्धाच होईल. १८८५ च्या कायद्यानें लोहमार्गाखालचा कोळसा न काढल्याबद्दल मालकाला भरपाई देऊं केली होती. ज्यांच्या रानावर नगरांचें पाणी सांठतें, त्यांच्याविषयीं तेवढी व्यवहारी बुद्धि दाखविणें स्वतंत्र देशाला जड जाऊं नये.

शाहू महाराजांनीं धरण बांधावयास घेतलें तेव्हां संस्थानच्या तिजोरींत पुरेसा पैसा नव्हता, आणि त्यांच्या हयातींत तें पुरेंहि झालें नाहीं. तरी त्यांनीं तें आरंभिलें. कारण तें ज्यांच्यासाठीं होतें ते अजून जन्मावयाचे होते. सनदा लिहिणारे जुने कारकून पाषाणाच्या आधीं, निधीच्या आधीं, सर्वांत पहिला शब्द ‘जल’ हा लिहीत. भूमीच्या पोटांतील धन कोणाचें, याचा निवाडा न्यायालयें करीत राहतील. तो करतांना त्या जुन्या क्रमाची आठवण ठेवली, तर राधानगरीच्या पाण्यावर जगणाऱ्या पुढच्या पिढ्यांवर मोठे उपकार होतील.